डावी फांदी

पाने, फुले

“मामा, इकडे या जरा. हे फूल या झुडपाचं नाहीच!”

संशोधक मुलीने भिंगावरचा डोळा न हलवता हाक मारली. चिकटेमामा खळ ढवळत होते. गव्हाच्या पिठाची खळ, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. चौतीस वर्षे रोज सकाळी हेच. त्यांनी ब्रश वाटीच्या काठावर निथळत ठेवला, फडक्याला हात पुसले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पुसले.

टेबलावर कोणती शीट आहे ते त्यांना दुरूनच दिसले होते. या इमारतीत वाळवलेल्या झाडाझुडपांच्या दोन लाख शीट्स होत्या. त्यांतली निम्मी तरी झाडे त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर चिकटवली होती. पण अंधारात हात घालून ओळखता येईल अशी एकच.

“ही उजवी फांदी बघा,” मुलगी म्हणाली. “पानं खालून कशी लोकरीसारखी आहेत, पांढरीफेक. आता डावी बघा. पानं दोनच, तीही अर्धी खाल्लेली. पण फुलं मात्र भरगच्च, नवरीसारखी नटून बसलीत. आणि म्हातारी पांढरी.”

म्हातारी म्हणजे बीच्या डोक्यावरचे केस. वारा आला की उडतात आणि पोरे त्यांच्या मागे धावतात, त्या. सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणून तोडतो ते एक नसतेच. दाटीवाटीने बसलेल्या चिमुकल्या फुलांचा तो अख्खा गाव असतो. प्रत्येक फुलाचे एक बी आणि प्रत्येक बीची आपली म्हातारी. ही मुलगी तीन वर्षे याच कुळातल्या रानटी झुडपांवर प्रबंध लिहीत होती, आणि म्हाताऱ्यांचे केस मोजता मोजता आपले पिकायला लागलेत असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

“डावी साधीच आहे हो. रस्त्याकडेला ढिगानं मिळते. पण उजवी मी कुठेच पाहिलेली नाही. ना इथल्या कपाटात, ना पुस्तकात. तिची खरी फुलं असती ना, तर काहीतरी सांगता आलं असतं. कोणी मिसळल्या या दोन?”

एकोणीस वर्षांत हा प्रश्न चिकटेमामांना कोणी विचारला नव्हता. विचारला जाईल म्हणून पहिली दोन वर्षे त्यांना झोप लागली नव्हती. मग लागायला लागली होती.

“गोळा करणाऱ्या बाईंनीच तशा पाठवल्या असतील,” ते म्हणाले. “हौशी माणसं. होतं असं.”

वाक्य इतके सराईतपणे बाहेर पडले की त्यांचे त्यांनाच दचकायला झाले. ते त्यांचे नव्हतेच. दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकलेले, जसेच्या तसे राहिलेले.

“वाटलंच मला,” मुलगी म्हणाली आणि तिने वहीत तसे लिहून टाकले.

चिकटेमामा खळीकडे परत गेले. तिच्यावर साय धरली होती. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते.

गोळा करणारे

प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात लेबल असते. झाडाचे नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. या शीटवर ते एका शाळामास्तरणीचे होते.

बसच्या शेवटच्या थांब्यावर, टेकडीच्या पायथ्याला त्यांची प्राथमिक शाळा. वनस्पतिशास्त्र त्या कुठे शिकल्या नव्हत्या. शाळा सुटली की टेकडी चढायची, जे अनोळखी दिसेल ते खुडायचे, दाबून वाळवायचे आणि संग्रहालयाला पाठवायचे, हा त्यांचा छंद. दाबायला वर्तमानपत्रे पुरत नसावीत, कारण त्यांची झाडे मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांत गुंडाळलेली येत. चिकटेमामा झाड बाजूला ठेवून आधी उत्तरपत्रिका वाचत. ‘पाण्याचे उपयोग लिहा.’ ‘पाणी नसले की शाळा लवकर सुटते.’ त्याला बाईंनी लाल शाईने अर्धा गुण दिला होता आणि शेजारी लिहिले होते, ‘खरे आहे, पण पुरेसे नाही.’

पुडक्यासोबत पत्र येई ते प्रमुखांच्या नावाने. प्रमुखांना सगळे डॉक्टर म्हणत. पत्रात काय आहे ते डॉक्टरांपुरते. पण सगळ्यात खाली, सहीच्याही खाली, दर वेळी एक ओळ असे, ती डॉक्टर त्यांना वाचून दाखवत: ‘चिकटवणाऱ्यांना नमस्कार.’

चौतीस वर्षांत शेकडो माणसांनी झाडे पाठवली. मोठमोठ्या पदव्यांची माणसे होती त्यांत. झाड आपण होऊन कागदावर जाऊन बसत नाही, कोणीतरी तिथे बसलेला असतो आणि त्याच्या बोटांना खळ लागलेली असते, हे एकाच माणसाच्या ध्यानात आले होते.

चिकटवणारे

(लेबलावर या ओळीला जागा नसते.)

चिकटे हे त्यांचे आडनाव नव्हते. कोणीतरी थट्टेत म्हटले आणि ते, कामाला साजेसेच, चिकटले. पुढे नवी आलेली माणसे हजेरीपटात चिकटे शोधत आणि ‘हे गृहस्थ रजेवर आहेत की काय’ म्हणून विचारत. त्यांना मौज वाटे. नावाचा त्यांना सोस नव्हता. नीटनेटकेपणाचा मात्र होता, आणि घात त्यानेच केला.

एकोणीस वर्षांपूर्वी बाईंचे ते पुडके आले. या वेळी पत्रही लांबलचक होते. डॉक्टर म्हणाले, “बाईंना काहीतरी नवीन सापडलंय म्हणे. बघू या. चिकटवून तज्ज्ञांकडे पाठवा.”

चिकटेमामांनी उत्तरपत्रिका उलगडली आणि त्यांचा चेहरा उतरला. एकच फांदी. पाने बरी होती, पण फुले सगळी सरलेली. टोकांना नुसती वाळकी बोंडे, त्यांतली अर्धी हात लागताच चुरा होऊन पडली, आणि म्हाताऱ्या टेबलभर. बाईंच्या आयुष्यातले सगळ्यात मोलाचे झुडूप, ते तज्ज्ञांपुढे जाणार, आणि रूप हे असे? केर काढून सुपलीत भरल्यासारखे?

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने रस्त्याकडेची बरीच झुडपे पाठवली होती. त्यांतली एक फांदी उरली होती, फुलांनी लगडलेली. चिकटेमामांनी ती बाईंच्या फांदीशेजारी धरून पाहिली. जुळी बहीण वाटावी इतकी जवळची दिसत होती. एकाच कुळातली, एकाच उंचीची, वाळल्यावर दोघींचा रंग एकच तपकिरी.

दोन ठिकाणची झाडे एका शीटवर लावायची नाहीत. या कामातले हे पहिले आणि शेवटचे पाप. नव्या माणसाला चिकटेमामा स्वतः हे पहिल्या दिवशी सांगत. “वाकडी लावलीत तर मी रागावेन. दोन ठिकाणची एकत्र लावलीत तर घरी जा.”

त्यांनी डावीकडे ती फांदी लावली.

लावताना त्यांच्या मनात पाप नव्हते. मनात होते ते एवढेच, की इतकी वर्षे नमस्कार घेतले, एकदा तरी उलट काहीतरी द्यावे. दोन फांद्यांना त्यांनी असा काही तोल दिला, देठ असे झुकवले, की शीट चित्रासारखी दिसू लागली. गळून पडलेली बाईंची बोंडे आणि म्हाताऱ्या मात्र त्यांनी फेकल्या नाहीत. फेकायचे नाही हाही नियम. झाडाचा कणही गळला तर कागदाच्या पुडीत घालून ती शीटच्या कोपऱ्यात चिकटवायची. एक नियम मोडताना दुसरा त्यांनी अगदी काटेकोर पाळला. बोंडे पुडीत गेली.

मग वाळूच्या पिशव्या वजनाला ठेवून ते जेवायला गेले. चांगले चार घास जास्त जेवले.

अभिप्राय

तज्ज्ञांची चिठ्ठी दीड महिन्याने आली. डॉक्टरांनी ती खोलीतच, चहा पिता पिता मोठ्याने वाचली.

“‘पाने एका झुडपाची, फुले दुसऱ्या, अत्यंत सामान्य झुडपाची. गोळा करताना दोन फांद्या मिसळल्या आहेत. नवीन काही नाही.’ घ्या! हौशी माणसं. होतं असं. बाईंना कळवून टाकतो.”

चिकटेमामा चार हातांवर बसले होते. दोन्ही हात खळीत होते. ‘डॉक्टर, ते मी केलं,’ एवढे चार शब्द. पहिला ओठांपर्यंत आलाही. तेवढ्यात डॉक्टर हसून म्हणाले, “शीट मात्र काय देखणी झाली आहे! तज्ज्ञांनी खास लिहिलंय, मांडणी उत्तम. तुमचं कौतुक आहे हो, चिकटे.”

आणि चिकटेमामा हसले.

पुढे कित्येकदा त्यांनी त्या हसण्याची उजळणी केली. नुसते गप्प बसले असते तर भित्रा म्हणून स्वतःला चालवून घेतले असते. पण हसायचे काय कारण होते?

बाईंचे उत्तर दोन ओळींचे आले. ‘माझी नजर फसली. तसदीबद्दल क्षमा असावी.’

आणि सहीखाली, नेहमीच्या जागी: ‘चिकटवणाऱ्यांना नमस्कार.’

त्यानंतर त्यांचे एकही पुडके आले नाही.

घर

“काय झालंय?” बायकोने विचारले. “दोनदा मीठ मागितलंत. समोर आहे.”

चिकटेमामांनी सांगितले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आणि सगळे एका दमात. कामावरून आज खोटे बोलून आलो, तेही.

बायको ऐकताना भांडी आवरत होती. तिने फक्त एकदा हात थांबवला, डॉक्टरांनी कौतुक केले तिथे.

“म्हणजे तुम्ही बाईंना भेट द्यायला गेलात.”

“हो.”

“आणि त्यांचंच घेऊन बसलात.”

“…हो.”

“आणि एकोणीस वर्षं माझ्या शेजारी हे घेऊन झोपलात! मला वाटायचं पित्त आहे. सुंठ उगाळून दिली मी तुम्हाला!”

“तू तरी सांग, आता काय करू? अकरा दिवस राहिलेत. हार घालतील, फोटो काढतील…”

“मला काय विचारता? मी काय झुडूप आहे?” ती म्हणाली. “त्या बाई आहेत का अजून?”

“असतील. माहीत नाही.”

“मग आधी ते माहीत करून घ्या. आणि जाताना तो निळा सदरा घालू नका, कोपर विरलंय. माफी मागायला जायचं तर जरा माणसासारखं जावं.”

ठिकाण

लेबलावर लिहिले होते: ‘शाळेमागची टेकडी, उत्तर उतार, खडकाच्या कपारी.’

रविवारी ते शेवटच्या थांब्यावर उतरले. शाळा तिथेच होती. टेकडी पुढून जशी असायला हवी तशी होती, पण वळसा घालून उत्तरेला गेल्यावर ती कलिंगडासारखी कापलेली दिसली. लाल, सरळ, उभी चीर. खाली खडी फोडायचे यंत्र रविवार म्हणून गप्प होते. पायथ्याच्या पानांवर धूळ इतकी बसली होती की कोणते झाड कोणते, हे चौतीस वर्षांच्या नजरेलाही ओळखता येईना.

बाईंचे घर कोणीही दाखवले असते. अर्ध्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती.

दार त्यांनीच उघडले. बारीक, ताठ, केस कापसासारखे. आणि चिकटेमामांकडे न बघता त्या खिडकीकडे बघू लागल्या.

“रागावू नका,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांच्या मधलं गेलंय माझ्या. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुम्हाला बघायचं तर मला खिडकीकडे बघावं लागतं. कोणत्या वर्षाचे तुम्ही? मोठे दिसता.”

“मी तुमचा विद्यार्थी नाही, बाई. मी संग्रहालयातून आलोय. वाळलेली झाडं चिकटवतो.”

बाईंचा चेहरा उजळला. तो तसा उजळलेला बघून परत जावे असे त्यांना वाटले.

“चिकटवणारे! अहो, बसा ना! तुमच्या हातचं मी एकदाच पाहिलंय. संग्रहालय दाखवायला मुलांना घेऊन आले होते, तेव्हा एका काचेत होतं. मी मुलांना म्हटलं, बघा, वहीत चित्र असं चिकटवायचं, फोड न येता. चहा टाकते. अंदाजानं टाकते, साखर कमीजास्त झाली तर बोलायचं नाही.”

“बाई, आधी ऐका.”

चिकटेमामा उभ्यानेच बोलले. बाई खिडकीकडे बघत होत्या, म्हणजे त्यांच्याकडेच बघत होत्या.

“पुन्हा सांगा,” बाई म्हणाल्या. “माझ्या फांदीची बोंडं कुठे आहेत?”

“पुडीत. शीटच्या कोपऱ्यात. मीच घातली. कोणी उघडलेली नाही.”

बाई उठल्या. कपाटातून चाचपत एक पुठ्ठ्याची वही काढली, कडेने बघत पाने उलटली आणि एका पानावर बोट ठेवून त्यांच्यापुढे सरकवली. “वाचा. मोठ्यानं.”

अक्षर फळ्यावरच्यासारखे होते. चिकटेमामा वाचू लागले. “‘कमरेइतके झुडूप. पाने खालून लोकरी, पांढरी. फुले फिकी जांभळट, लहान, एकेका टोकाला तीन-तीन. म्हातारी पांढरी नाही…’” ते थांबले.

“पुढे.”

“‘म्हातारी पांढरी नाही, तांबूस. तीन वेळा उन्हात धरून पाहिली.’”

“पुडीत कशी आहे?”

“तांबूस,” चिकटेमामा म्हणाले. “टेबलभर झाली होती. तांबूसच होती.”

“आणि पानावर आणखी काय आहे?”

पानावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, लाल शाईची फुली होती. इतकी जोरात मारलेली की खालचे पानही फाटले होते.

“फुली आहे, बाई.”

“मी मारली. तुमच्या डॉक्टरांचं पत्र आलं त्या संध्याकाळी.” त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, एकसारखा. “पोरांच्या चुकांवर फुल्या मारण्यात हयात गेली माझी. बरोबरवर मारली ती एकदाच.”

“बाई, मी…”

“थांबा. त्यानंतर मी टेकडी चढले नाही. तेव्हा डोळे चांगले होते, सगळं दिसत होतं. पण दिसलेल्यावर विश्वास कुठे होता? एखादं पान हातात घ्यावं आणि वाटावं, ही पण चूकच असेल. ही खाण सात वर्षांपूर्वी आली. सगळ्यांनी मला म्हटलं, बाई, तुम्ही अर्ज करा, तुम्हाला झाडांतलं कळतं. मी कागद घेऊन बसलेसुद्धा. पण काय लिहू? की वर कपारीत एक झुडूप आहे, जे एकेकाळी मला वेगळं वाटलं होतं आणि ज्यांना कळतं त्यांनी ते नाही म्हणून सांगितलं?” त्यांनी वही मिटली. “कागद कोराच ठेवला.”

बाहेर कोणाचे तरी कुत्रे भुंकत होते. चिकटेमामांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. खळ नसलेले हात त्यांना नेहमीच परके वाटत.

“ते बी रुजेल का हो?” बाईंनी एकदम विचारले. “पुडीतलं?”

खोटे बोलायला किती सोपी जागा होती ती.

“नाही, बाई. एकोणीस वर्षं झाली. आणि आम्ही औषध मारतो. नाही रुजणार.”

बाईंनी मान हलवली. विद्यार्थ्याने अवघड प्रश्नाचे बरोबर उत्तर द्यावे, पण त्याचा आनंद होऊ नये, तशी.

“तुम्ही मला सांगायला आलात, की हलकं व्हायला?”

“दोन्ही असेल,” चिकटेमामा म्हणाले. “माफी मागायला आलो होतो.”

“माफी मी वर्गात कधी दिली नाही. चूक झाली तर दुरुस्त करून आणायची. तुमच्या त्या कागदावर दुरुस्ती करता येते?”

“काढता काही येत नाही. जोडता येतं. चिठ्ठी लावता येते.”

“मग जोडा. नावानिशी. आणि त्याची नक्कल मला पाठवा. वाचून दाखवणारं कोणी मिळेल मला.” त्या दाराकडे वळल्या. “चहा राहिला. तो आता राहू द्या.”

दुरुस्ती

सोमवारी संशोधक मुलगी येण्याआधीच चिकटेमामा तिच्या टेबलाशी जाऊन बसले होते.

“मी तुम्हाला खोटं सांगितलं,” ते म्हणाले. “बाईंनी नाही, मी मिसळल्या.”

मुलीला आधी थट्टा वाटली. मग नाही वाटली. “मी सरळ विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “मी तुमचं वहीत लिहून घेतलं. ते प्रबंधात छापलं गेलं असतं, मामा. बाईंच्या नावावर. दुसऱ्यांदा.”

“म्हणून तर आलो.”

तिने चिमटा घेतला आणि शीटच्या कोपऱ्यातली पुडी उघडली. घडी इतकी नेटकी होती की उघडायला जिवावर यावे. आत वाळकी बोंडे, चुरा, आणि श्वासानेही हलतील अशा म्हाताऱ्या. तिने दिवा जवळ ओढला, भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“तांबूस आहे,” ती अखेर म्हणाली. आवाजातला राग गेला नव्हता, पण त्याच्याखाली दुसरेच काहीतरी सुरू झाले होते. “तांबूस! मामा, हे… हे मी कुठेच पाहिलेलं नाही. टेकडी कुठेय ही? आज जाऊ या?”

“टेकडी अर्धी आहे,” चिकटेमामा म्हणाले. “ज्या अर्ध्यात हे होतं, ते अर्धं गेलं.”

मुलीने भिंग खाली ठेवले. पुडीची घडी ती पुन्हा घालू लागली. तिला ती त्यांच्यासारखी जमेना. त्यांनी घातली.

मग त्यांनी चिठ्ठीचा कागद घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. स्वतःची लिहायची म्हटल्यावर तीन कागद बिघडले. एकात फारच कारणे झाली होती, दुसऱ्यात फारच दुःख. चौथ्यावर एवढेच उरले:

*डावी फांदी या झुडपाची नाही. ती शीट सुंदर दिसावी म्हणून मी लावली. गोळा करणाऱ्या बाईंची चूक नव्हती. या झुडपाची खरी बोंडे व बिया पुडीत आहेत. हे मी तेव्हा सांगायला हवे होते.*

खाली त्यांनी नाव लिहिले. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. शाळेच्या दाखल्यावर असते तसे पूर्ण.

मुलीने वाचले. “हे तुमचं नाव?”

“हो.”

“मला खरंच चिकटेच वाटत होतं.”

“सगळ्यांनाच वाटतं,” ते म्हणाले, आणि चिठ्ठीच्या पाठीला खळ लावली.

नक्कल त्यांनी दुपारच्या टपालाने पाठवली. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी आताच्या प्रमुखांनाही सांगितले. निरोपसमारंभ झाला, पण भाषणात कोणी ‘अचूक’ हा शब्द वापरला नाही. हार घातला गेला. फोटोत ते हसले नाहीत.

शेरा

कार्ड आले ते शेवटच्या दिवशी, सगळे आवरून झाल्यावर.

अक्षर त्या वहीतले राहिले नव्हते. समोरचे दिसत नाही अशा माणसाने कडेने बघत लिहिलेले, ओळी वर चढलेल्या, एक शब्द दुसऱ्यावर बसलेला. पण वाचता येत होते.

‘नक्कल मिळाली. वाचून घेतली. दोनदा. वहीतल्या फुलीवर रेघ मारून खाली बरोबर असे लिहिले आहे. शाई लालच आहे ना, ते शेजारणीकडून तपासून घेतले.’

मग सही.

सहीच्या खाली काही नव्हते.

चिकटेमामांनी कार्ड दिव्याशी धरले. उलटून पाहिले. मागे त्यांचे नाव आणि संग्रहालयाचा पत्ता होता, तेवढाच. त्यांनी ते पुन्हा सुलटे केले आणि सहीखालच्या बोटभर कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. ती जागा चुकून सुटलेली नव्हती. बाई चुकून काही सोडत नसत.

झाडाविषयीचा कागद झाडाजवळच राहायला हवा, हाही नियमच होता. त्यांनी कपाटातून शीट काढली. डावी फांदी अजून तितकीच देखणी होती. तिच्या आणि पुडीच्या मधे कार्डापुरती जागा होती. नव्याने खळ शिजवायला वेळ नव्हता. सकाळची उरली होती, तिच्यावरची साय त्यांनी बाजूला केली, कार्डाला चारी कडांनी खळ बेताने लावली आणि फोड येऊ नये म्हणून ते मधून बाहेर हलक्या बोटांनी दाबत नेले.

वाळूच्या पिशव्या त्यांनी कालच धुऊन दुसऱ्याच्या स्वाधीन केल्या होत्या. म्हणून वजनाला त्यांनी आपला तळहात ठेवला, आणि वाळेपर्यंत तसेच बसून राहिले.